दाखल-खारीजच्या पलीकडचे मूल

2023च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांची लोखंडी कपाटे पुन्हा उघडली गेली. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला होता. महसुली दप्तरांच्या जोडीला शाळांची जुनी रजिस्टरेही त्यासाठी तपासायला निघाली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. 1967पूर्वी कुणा गुरुजींनी बोरूने किंवा टाकाने लिहिलेली एक ओळ आज पणतवंडाच्या जातदाखल्याचा आधार ठरू शकत होती.

विदर्भात या रजिस्टरला ‘दाखल-खारीज’ म्हणतात. वाशिमसारख्या जिल्ह्यात ते जिल्ह्यापेक्षाही जुने असते. इंग्रजी अमदानीतला बाशीम जिल्हा 1905 साली मोडला, त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला आणि आजचा वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतल्या जुन्या शाळांच्या कागदांवर जिल्ह्याचे नाव बदलत गेले, पण दाखल-खारीजचे रकाने फारसे बदलले नाहीत. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण. शेवटी दोन छोटे रकाने येतात, प्रगती आणि वर्तणूक. बहुतेक ठिकाणी दोन्हींत एकच शब्द असतो: चांगली.

मूल दहा वर्षे शाळेत काढते. त्या दहा वर्षांत ते काय शिकले, याबद्दल शाळेच्या कायमच्या दप्तरात उरते ते एवढेच. त्याची जात शंभर वर्षांनीही सापडेल. त्याने नववीत लिहिलेला उत्तम निबंध मात्र पुढच्या जूनपर्यंत रद्दीत गेलेला असेल.

डिजिटल पोर्टफोलिओ, म्हणजे विद्यार्थ्याची डिजिटल संचिका, या उणिवेला उत्तर देऊ पाहते. शब्द नवा आणि जड वाटला तरी गोष्ट साधी आहे. समजा, मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरची नववीतली मुलगी जलसुरक्षा या विषयाच्या प्रकल्पासाठी गावातल्या तीन विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला मोजते. पहिल्या वेळी ती दोर काठाच्या वरून मोजते, त्यामुळे आकडे चुकतात. शिक्षक विचारतात, ती पुन्हा मोजते आणि जानेवारीपर्यंत एक नेटका आलेख तयार करते. तिच्या संचिकेत चुकलेल्या तक्त्याचा फोटो असतो, सुधारलेला आलेख असतो, मोजमाप समजावून सांगतानाचा तिच्या आवाजातला दोन मिनिटांचा तुकडा असतो आणि ‘पहिल्यांदा माझे कुठे चुकले’ हे तिने स्वतः लिहिलेल्या चार ओळी असतात. प्रत्येकावर तारीख असते. यातल्या शेवटच्या चार ओळी काढून टाकल्या तर उरतो तो फोटोंचा अल्बम. निवड आणि त्या निवडीमागचे मुलाचे कारण, ही दोन असली की फोटोंची संचिका होते.

ही कल्पना परदेशातून संगणकाबरोबर आली, असा समज आहे. तो खरा नाही. 1937च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची मांडणी पुढे आली, तेव्हाच मुलाच्या हाताने झालेले काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी आले होते. वर्धा वाशिमकरांना परका नाही, तोही विदर्भातलाच. पुढे 1952-53च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी स्पष्ट सांगितले की, बाह्य परीक्षांचे ओझे कमी करावे आणि मुलाने वर्षभर केलेल्या कामाची पद्धतशीर नोंद शाळेने ठेवून तिला अंतिम मूल्यमापनात स्थान द्यावे. कोठारी आयोगाने 1966मध्ये अंतर्गत मूल्यमापनाचा आणि संचयी नोंदपत्रकाचा आग्रह धरला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले मराठी शिक्षणतज्ज्ञ. सूचना सत्तर वर्षे कागदावर आहे आणि त्या काळात नोंदपत्रके छापलीही गेली. ती भरण्यासाठी शाळेच्या दिवसात वेळ मात्र कुणी राखून ठेवला नाही.

अमेरिकेतला अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण तिथे हे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्यांचे अपयशही नोंदले गेले. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत डेबोरा मायर यांनी 1985मध्ये सेंट्रल पार्क ईस्ट ही माध्यमिक शाळा सुरू केली. तिथे शाळा पूर्ण करायची तर विद्यार्थ्याला चौदा विषयक्षेत्रांतल्या संचिका तयार करून त्यांतल्या मुख्य कामांचे शिक्षकांच्या समितीसमोर समर्थन करावे लागे. मायर मुख्याध्यापक होत्या आणि वेळापत्रक त्यांच्या हातात होते. शिक्षकांनी एकत्र बसून मुलांचे काम वाचण्याचा वेळ आधी ठरला आणि बाकीचे तास त्याभोवती बसवले गेले. शाळेने नाव कमावले ते त्यामुळे. व्हरमाँट राज्याने मात्र 1990च्या दशकाच्या सुरुवातीला संचिकांची पद्धत राज्यभर नेली, तेव्हा डॅनियल कोरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची तपासणी केली. एकच संचिका दोन शिक्षकांनी तपासली तर गुण जुळत नव्हते. चांगले काम कशाला म्हणायचे यावर शिक्षकांचे एकमत होण्याआधीच गुण देणे सुरू झाले होते.

ब्राऊन विद्यापीठातले डेव्हिड निगिदुला यांनी त्याच दशकात काही शाळांबरोबर डिजिटल संचिकांवर काम केले. तंत्रज्ञानाचे अभ्यासक असूनही त्यांनी शाळांपुढे ठेवलेल्या प्रश्नांच्या पाच गटांत तंत्रज्ञानाचा गट एकच होता. मुलाने काय जमवावे अशी आपली अपेक्षा आहे? ते जमले हे आपण कसे ओळखणार? माहिती कोण, केव्हा, कुठे भरणार? आणि आपल्या शाळेत एकमेकांच्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलण्याची रीत आहे का? बाकी चार गट या प्रश्नांचे आहेत. तीस वर्षांत यंत्रे पार बदलली, पण कुठल्याही मुख्याध्यापकाने हे प्रश्न आजही तसेच्या तसे उचलावेत.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला धडा अधिक जवळचा आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक आणि संकलित हे शब्द शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात तेव्हा शिरले. मुलाचे निरीक्षण करून शिक्षकाने त्याच्याविषयी वर्णनात्मक नोंद लिहावी, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट होती. काही वर्षांतच या नोंदींच्या तयार याद्या छापून आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅपवरून पीडीएफ होऊन फिरू लागल्या. ‘आपले विचार स्पष्टपणे मांडतो’, ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ अशी वाक्ये हजारो मुलांच्या नावापुढे एकसारखी उतरली. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण साठ मुलांच्या वर्गात, विषयवार, महिन्याच्या महिन्याला नोंदी मागितल्या आणि त्या वाचणारे कुणी नसले, तर माणूस दुसरे काय करील? सीबीएसईनेही 2009मध्ये आणलेली अशीच पद्धत 2017मध्ये गुंडाळली. तिथे स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प विकत आणण्यापर्यंत मजल गेली होती.

त्यावर पोर्टलांची रांग लागली. 2015मध्ये सरल आले, मग यू-डायसमध्ये विद्यार्थीनिहाय माहिती भरणे आले, शाळासिद्धीचे स्वयंमूल्यमापन आले, आधार जुळवणी आली आणि अलीकडे प्रत्येक विद्यार्थ्याचा बारा अंकी ‘अपार’ क्रमांक आला. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याचा हिशेब, या माहितीवरच बसतो. त्यामुळे सर्व्हर बंद असला की मुख्याध्यापकांना झोप लागत नाही. शिक्षकांनी ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत आंदोलने केली आणि ऑगस्ट 2024मध्ये शासनाला शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची वर्गवारी जाहीर करावी लागली. आता 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले समग्र प्रगतिपत्रक दारात उभे आहे. त्यात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करायचे आहे. ‘पारख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने माध्यमिक टप्प्यासाठीही त्याचा नमुना तयार केला आहे. नमुना चांगला आहे. मुलाच्या कामाची संचिका नसेल, तर त्यातले रकानेही त्या पीडीएफमधल्या वाक्यांनीच भरले जातील.

म्हणून सगळा भार येऊन पडतो तो मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर.

ही खुर्ची कशी मिळते, हे पाहिले की अडचण नीट कळते. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांना 1977चा सेवाशर्तींचा कायदा आणि 1981ची नियमावली लागू आहे. पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव ही पात्रता आणि पात्र शिक्षकांत सेवाज्येष्ठता, हा नेमणुकीचा कणा. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. सेवाज्येष्ठतेमुळे वशिल्याला आळा बसतो, हे तिचे मोठे बळ. पण त्यामुळेच अनेकांना ही खुर्ची पन्नाशी उलटल्यावर मिळते आणि काहींना तर निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना. पहिले वर्ष हिशेब आणि प्रलंबित प्रकरणे समजून घेण्यात जाते, शेवटचे पेन्शनच्या कागदांत. संचिकेसारख्या गोष्टीला रुजायला तीन-चार वर्षे लागतात. एका मुख्याध्यापकाने हौसेने सुरू केलेले काम पुढच्याच्या काळात कपाटात जाते ते यामुळे. पर्यवेक्षक आणि दोन तरुण शिक्षक यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घेतले, तरच ते खुर्ची बदलल्यावरही टिकते.

मुख्याध्यापकाने करायची सर्वांत परिणामकारक गोष्ट पैशाची नाही, वेळापत्रकाची आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेतली एक तासिका, पंधरवड्यातून एकदा, नववीच्या वर्गाला संचिकेसाठी द्यायची. त्या तासात मुलांनी पंधरा दिवसांच्या वह्या, चित्रे, प्रयोगाच्या नोंदी समोर मांडायच्या, त्यातले एक निवडायचे आणि का निवडले ते लिहायचे. दुसरी गोष्ट वजाबाकीची. संचिकेत जे आले ते पुन्हा कागदावर मागायचे नाही. प्रकल्पवही, उपक्रमवही आणि त्यांचा फोटो काढून अहवाल, असे तिहेरी काम चालू ठेवून संचिका सुरू केली, तर पहिल्या सत्रातच तिचे पोर्टल होऊन जाईल. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि तिच्यावरच सगळे अवलंबून आहे: मुख्याध्यापकाने स्वतः दर आठवड्याला पाच संचिका वाचायच्या आणि परिपाठानंतर त्यातल्या एखाद्या मुलाशी त्या कामाविषयी बोलायचे. ‘सरांनी माझी विहिरीची नोंद वाचली’ ही बातमी मधल्या सुट्टीत शाळाभर होते. शिक्षकांपर्यंतही ती पोचते.

संचिकेत ठेवण्याजोगे काम शाळेत होत असले पाहिजे, हे उघड आहे, तरी सांगावे लागते. प्रश्नोत्तरे उतरवून काढलेल्या वहीचे छायाचित्र काढून काहीच साधत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचे उदाहरण इथे मोलाचे आहे. इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन करून डॉ. श्रीनाथ कलबाग 1983मध्ये या दुष्काळी गावात आले. त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम घडवला. राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली आणि अनेक माध्यमिक शाळांत तो गेला. त्यात मुले वेल्डिंग करतात, रोपवाटिका सांभाळतात, विजेची जोडणी करतात, रक्तगट आणि माती तपासायला शिकतात. गावाला त्याची सेवा देतात आणि प्रत्येक कामाचा खर्च काढून वहीत मांडतात. आराखडा, साहित्य, खर्च आणि कुठे चुकले ही त्या वहीची पाने म्हणजे तयार संचिकाच. त्याच पाबळमध्ये 2002 साली फॅब लॅब उभी राहिली, तेव्हा अशी प्रयोगशाळा एमआयटीबाहेर जगात जवळपास कुठेच नव्हती.

वाशिमच्या मुख्याध्यापकाला रोजच्या व्यवहारातलीही एक संधी आहे. केंद्राच्या इन्स्पायर मानक योजनेत प्रत्येक शाळेला विद्यार्थ्यांच्या पाच कल्पना ऑनलाइन पाठवता येतात आणि निवड झालेल्या मुलाला प्रतिकृतीसाठी 10,000 रुपये मिळतात. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी इंटरनेटवरून पाच कल्पना शोधून भरणे, ही एक रीत झाली. वर्षभराच्या संचिका समोर असतील तर सोयाबीनच्या सोंगणीचा, शेंगा फुटून होणाऱ्या नासाडीचा, डवऱ्याच्या दांड्याचा विचार केलेले मूल शाळेतच सापडते, आणि तो विचार कसा वाढत गेला तेही दाखवता येते.

आता साधनांचे बोलू. नीती आयोगाने 2018मध्ये महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादबरोबर वाशिम होता. साहजिकच पहिला आक्षेप असतो, इथे कुठले डिजिटल? पण साधा गुणाकार करून पाहावा. शाळेत 200 मुले, वर्षाला प्रत्येकी बारा नोंदी, एका नोंदीला दोन एमबी. एकूण पाच जीबीच्या आतबाहेर. एका साध्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या शाळेचे वर्ष मावते आणि गूगलच्या फुकट खात्यातही मावते, कारण तिथे पंधरा जीबी जागा मिळते. एक बरा फोन, एक चालू संगणक आणि वर्गवार, हजेरी क्रमांकानुसार लावलेली फोल्डरे एवढ्यावर सुरुवात होते. नेट नसेल त्या दिवशी फोटो फोनमध्ये राहतात आणि सोमवारी चढतात. ऑक्टोबरात सोंगणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असतो, तेव्हा नोंदी मागू नयेत. ऑगस्ट-सप्टेंबर आणि डिसेंबर-जानेवारी हे कामाचे महिने. वर्षाच्या आखणीत ही समज मुख्याध्यापकाचीच हवी. तालुक्याच्या बैठकीत ठरलेल्या वेळापत्रकात ती उतरत नाही.

खरी अडचण फोन कुणाच्या हातात आहे ही आहे. असर 2024च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो 57 टक्क्यांनी वापरला होता आणि समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन मात्र मुलग्यांत 36 टक्क्यांकडे आणि मुलींत 27 टक्क्यांकडे होता. घरचा फोन बाबांबरोबर शेतात जातो, संध्याकाळी तो भावाकडे असतो. ‘घरून अपलोड करा’ असे सांगितले की मुलींच्या संचिका रिकाम्या राहणार, हे ठरलेलेच. म्हणून सगळे काम शाळेच्या फोनवर, शाळेच्या वेळेत. हा निर्णय छोटा दिसतो, पण मुलींची निम्मी नोंद त्याच्यावर उभी आहे.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी तर संचिकेची गरज सर्वांत मोठी. दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी गेलेल्या पालकांबरोबर मूलही जाते आणि नव्या गावच्या शाळेत मधल्याच महिन्यात, मागच्या बाकावर बसते. राज्याने अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढले. त्याने दाखल होणे सोपे झाले. पण हे मूल समीकरणे सोडवू शकते की अजून अपूर्णांकांत अडते, हे नव्या शिक्षकाला कार्ड पाहून कळत नाही. सहा-सात नोंदींची संचिका उघडली तर दहा मिनिटांत कळते.

सावधपणाची एक बाजू आहे आणि तिथेही मुख्याध्यापकाचीच सही लागते. 2023च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली. जून अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात, तेव्हाच्या पालकसभेत संचिका दाखवून, समजावून ही संमती घ्यावी. निवडक मुलांचे फोटो शाळेच्या फेसबुक पानावर किंवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे म्हणजे संचिका नव्हे; चुकलेला पहिला मसुदा गावभर फिरला, तर ते मूल पुन्हा कधी खरे काम दाखवणार नाही. आणि संचिकेच्या पहिल्या पानावर फक्त नाव आणि वर्ग असावा. दाखल-खारीजमध्ये जातीचा रकानाच असतो. इथे ती कुणी विचारत नाही.

दुसरी पालकसभा जानेवारीत. तिथे शिक्षकांनी गुण वाचून दाखवण्याऐवजी मुलाने आईवडिलांना आपली संचिका दाखवावी, प्रत्येकी पाच मिनिटे. आई निरक्षर असली तरी मुलीच्या आवाजातला तो दोन मिनिटांचा तुकडा तिला ऐकता येतो. घरी बंजारा बोलणाऱ्या मुलीने तो तुकडा आपल्या भाषेत केला असेल, तर अधिकच चांगले.

2025-26पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले, त्यामुळे वाशिमच्या दहावी उत्तीर्ण मुलांनीही ते अर्ज भरले. अर्जात गुण विचारतात, प्रवर्ग विचारतात, महाविद्यालयांचे पसंतीक्रम विचारतात. संचिकेला तिथे जागा नाही आणि उद्या लगेच ती मिळेल असेही दिसत नाही. तोवर तिचे वाचक म्हणजे ती मुलगी, तिचे घर आणि पुढच्या वर्षीचे वर्गशिक्षक. दाखला देण्याच्या दिवशी लिपिक दाखल-खारीजमध्ये तारीख घालतात, मुलगी सही करते. त्याच टेबलावर तिची संचिका तिच्या पेनड्राइव्हमध्ये उतरवून द्यावी आणि शाळेतली प्रत किती वर्षे ठेवणार हे तिला सांगावे. प्रगतीचा रकाना भरण्याआधी वर्गशिक्षकांनी ती एकदा उघडली, तर तिथे ‘चांगली’पेक्षा चार शब्द जास्त लिहिता येतील.